चष्मा काढतो, लिव्हर ओढतो

सिनेमात काय दिसतं ते, ज्यांना दिसत नाही त्यांना सांगायचं, हा माझा धंदा. पडद्यावरची माणसं बोलून गप्प झाली की मधल्या जागेत मी शिरते. 'ती दार उघडते.' 'तो खाली बसतो.' 'रस्ता रिकामा.' कोणी तोंड उघडलं की मी माझं मिटायचं. कायदा एकच. दिसतं तेवढं सांगा, अर्थ सांगू नका. 'तो दुःखी होतो' म्हटलं की वाक्य बाद, 'तो मान खाली घालतो' चालतं. नवरा गेल्यापासून हा कायदा मला फारच सोपा जायला लागला होता. अर्थ लावायला बसलं तरी आतून काही येत नसे. पाणी गेल्यावर नळातून नुसती हवा येते, तसं. लोक म्हणायचे, रड, मोकळी हो. मी हो म्हणायचे आणि भांडी घासायला घ्यायचे.

रोपवेचा सिनेमा त्याच दिवसांत हाती आला. डोंगरावर रोपवे चालवणारा एक माणूस. कामाला वाघ, मनाने सरळ, पण आपल्या हातून आजवर एकही अपघात झाला नाही याची घमेंड भारी. एका संध्याकाळी वादळ चढत असतं. वर माणसं अडकलेली, आरडाओरडा चाललेला, आणि वरचा सहकारी वायरलेसवर विचारतो, "शेवटचा पाळणा सोडू का?" याच्यासमोर वाऱ्याचा वेग दाखवणारी तबकडी आहे. काटा लाल पट्ट्यात गेलाय. हा काट्याकडे बघतो, चष्मा काढून खिशात घालतो, लिव्हर ओढतो आणि म्हणतो, "सोड." पाळणा कोसळतो. आत त्याचा धाकटा भाऊ होता, हे त्याला मागाहून कळतं. चौकशीत तो सांगतो की चष्मा काढलेला होता, काटा दिसलाच नाही. नोकरी जाते, बायको माहेरी निघून जाते, आणि शेवटी तो बंद पडलेल्या रोपवेच्या केबिनमध्ये एकटाच येऊन बसतो.

"सोडू का" आणि "सोड" यांच्यामध्ये जेमतेम एका छोट्या वाक्याची जागा होती. मी लिहिलं होतं, 'चष्मा काढतो, लिव्हर ओढतो.'

आमच्या रेकॉर्डिंगवाल्याला सगळे कानसेन म्हणतात. त्याने काचेपलीकडून टेप थांबवली.

"आणि काटा, ताई?"

"मावत नाही."

"'काट्याकडे बघतो, लिव्हर ओढतो.' मावतंय की."

"मग चष्मा जातो. पुढची अख्खी चौकशी चष्म्यावर आहे. ऐकणारा म्हणेल, हा चष्मा कुठून उपटला?"

"चष्म्याचं चौकशीत कळेलच. काट्याकडे बघितल्याचं कुठेच कळणार नाही."

बरोबर बोलत होता. मी म्हटलं, घे रे, उशीर होतोय. त्याने मान हलवली, लाल दिवा लावला आणि मी ते वाक्य वाचलं. एका दमात, सपाट, जसं वाचायचं असतं तसं.

काटा मी का गाळला, हे मला पक्कं ठाऊक होतं. माझे सासरे हा सिनेमा ऐकणार होते. माझं प्रत्येक काम आधी ते ऐकतात. बाबा कॉलेजात नाटक शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांची नजर हळूहळू गेली, जीभ मात्र जशीच्या तशी राहिली. माझ्या वाक्यांना ते विद्यार्थिनीच्या वाक्यांसारखे मार्क द्यायचे, आणि पास करताना जिवावर यायचं त्यांच्या.

नवरा गेला त्या दिवशी आमच्या इमारतीची लिफ्ट बंद होती. बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन थोडेच दिवस झाले होते, जिना उतरणं शक्य नव्हतं. पण वाचनालयाच्या मागच्या खोलीत न दिसणाऱ्या मंडळींचा सिनेमा-गट भरतो, तिथे त्यांचं भाषण होतं, आणि भाषण सोडायला ते मेल्यावरच तयार झाले असते. म्हणून वॉचमन पुढून आणि नवरा मागून, अशी खुर्ची उचलून त्यांना खाली न्यायचं ठरलं. नवऱ्याला डॉक्टरांनी वजन उचलू नको म्हणून बजावलं होतं. पुढच्या आठवड्यात हृदयाची तपासणी होती. हे मला माहीत होतं, बाबांना नव्हतं. त्यांना सांगायचं नाही, असं आमचं दोघांचं ठरलं होतं. त्यांनी उगाच घर डोक्यावर घेतलं असतं.

"भार वॉचमनवरच येतो, मी नुसता हात लावायला," असं नवरा म्हणाला. मी पिशवी घेऊन पुढे उतरत होते. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यांमधल्या जिन्याच्या चौकात त्यांनी खुर्ची टेकवली. मी खालच्या पायऱ्यांवरून वर बघितलं. बाबांच्या डोक्यावरून मला तो दिसला. त्याचा हात छातीवर होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली, बोलू नकोस अशी. मग खुर्ची उचलली.

वाचनालयात तो मागच्या रांगेत बसला. बाबांचं भाषण संपलं, टाळ्या झाल्या, सगळे उठले. तो उठला नाही. लोकांना वाटलं झोप लागली. बाबांच्या भाषणात झोपणारा तो काही पहिला नव्हता.

बाबांच्या लेखी मुलगा अचानक गेला. ध्यानीमनी नसताना. आपली खुर्ची उचलताना त्याला सगळं कळत होतं, हे त्यांना कधी समजू नये, एवढं एकच काम माझ्याकडे उरलं होतं. मला त्याचं फार काही वाटत होतं असं नाही. जेवण वाढायचं, औषध द्यायचं, कपडे वाळत घालायचे, तसंच हे. पण ते मी डोळ्यात तेल घालून करत होते. आणि आता हा रोपवेवाला, काट्याकडे बघून चष्मा काढणारा, माझ्या घरात शिरणार होता. म्हणून मी काटा गाळला.

बाबांनी सिनेमा दुपारी ऐकला, खिडकीजवळच्या खुर्चीत, कानाला हेडफोन लावून. मी समोर लसूण सोलत बसले होते. संपल्यावर त्यांनी एका कानावरचा हेडफोन सरकवला. मग म्हणाले, "हा अस्सल शोकांत नायक बरं का. पुस्तकात बसवून दाखवतो. माणूस चांगला. एक खोट, घमेंडीची. हातून प्रमाद घडतो, पण नकळत. मग उमजतं, आणि उमजल्यावर पडतो. या महिन्यात गटात हाच विषय घेऊ. मी बोलतो."

तेव्हापासून, म्हणजे मुलगा गेल्यापासून, ते गटात गेलेच नव्हते. मी म्हटलं, "बरं होईल, बाबा."

"तुझी वाक्यंही बरी आहेत. दोन ठिकाणी विशेषणं घुसलीत."

"काढते."

मग त्यांनी ती लिव्हरची जागा पुन्हा लावली. पुन्हा लावली. बटणं त्यांना बोटांनी पाठ आहेत. मी लसूण सोलत राहिले. चौथ्या-पाचव्या खेपेला त्यांनी हेडफोन काढले, मांडीवर ठेवले आणि विचारलं, "इथे आणखी काही दिसतं का गं?"

"चष्मा काढतो, लिव्हर ओढतो," मी म्हणाले.

"ते ऐकलं मी."

"तेवढीच जागा आहे, बाबा."

"जागा किती आहे ते नाही विचारलं." पण पुढे त्यांनी ताणलं नाही. चहा मागितला. त्या दिवसापासून सभेपर्यंत ते फार थोडं बोलले, आणि मला वाटलं भाषणाची तयारी चाललीय.

सभेला खोली भरली होती. बाबा परत आले म्हणून मंडळी मुद्दाम आली होती. मागच्या रांगेत मी बसले. त्याच खुर्चीत की शेजारच्या, मला आठवत नव्हतं. आठवायचा प्रयत्नही मी केला नाही. गटातल्या सगळ्यांत तिखट बाई म्हणजे निवृत्त टेलिफोन ऑपरेटर. जन्मापासून त्यांना दिसत नाही आणि कोणाचं ऐकून घेणंही त्यांना माहीत नाही. बाबांच्या आधी त्याच बोलल्या. रोपवेवाला शोकांत नायक आहे, हे त्यांनी अगदी बाबांच्याच मुद्द्यांनी मांडलं. चांगला माणूस, घमेंड, नकळत चूक, भाऊ मेल्याची उमज, सर्वनाश. "आता सर फक्त सही करतील," असं म्हणून त्या बसल्या. लोक हसले.

बाबा काठी टेकत उभे राहिले. म्हणाले, "मी सही करणार नाही. तो शोकांत नायक नाही."

खोलीत चुळबुळ झाली. ऑपरेटरबाई म्हणाल्या, "का बरं? तुम्हीच विषय सुचवलात."

"तेव्हा माझी समजूत वेगळी होती. प्रमाद नकळत व्हावा लागतो. याचा नकळत झालेला नाही. त्याने काटा पाहिला होता."

"कुठे? चौकशीत तो साफ सांगतो, चष्मा काढलेला होता."

"काढला. पाहून झाल्यावर काढला."

"अहो पण तसं सांगितलंय कुठे? आम्ही पण ऐकलाय सिनेमा. चष्मा काढतो, लिव्हर ओढतो. आता सर, तुम्हाला दिसायला लागलं असेल तर पेढे वाटा."

पुन्हा हशा झाला. बाबा हसले नाहीत. "त्या दोन बोलण्यांच्या मध्ये, सूनबाईचं वाक्य सुरू व्हायच्या आधी, त्याचा श्वास अडकतो," ते म्हणाले. "नटाने तो घेतलाय मुद्दाम. चष्मा काढायला कोणाचा श्वास अडकत नाही. समोर काहीतरी दिसलं की अडकतो. तुम्ही घरी जाऊन ऐका."

ऐकण्यात आपल्याला कोणी हरवलेलं ऑपरेटरबाईंना चालत नाही. मग त्यांनी मागे मान वळवली. "सूनबाई आल्यात ना? त्यांनाच विचारू. काय हो, बघतो का तो काट्याकडे?"

इथे मी खोटं बोलायला हवं होतं. त्याचसाठी एवढा खटाटोप केला होता. पण पडद्यावर काय दिसतं, असं मला आजवर कोणी विचारलं आणि मी खोटं सांगितलं, असं झालेलं नाही. गाळणं वेगळं. जीभ आपल्या सवयीने चालली.

"बघतो," मी म्हणाले. "काटा लाल पट्ट्यात असतो. तो काट्याकडे बघतो. मग चष्मा काढून खिशात घालतो."

कोणीतरी चुकचुकलं. ऑपरेटरबाई म्हणाल्या, "मग हे आम्हाला का नाही सांगितलंत?"

"मावत नव्हतं."

बाबा अजून उभेच होते. त्यांनी माझ्या दिशेने तोंड केलं नाही. "तर, ज्याला दिसलं नाही म्हणून जो पडला, त्याला आपण नायक म्हणतो," ते म्हणाले. "ज्याला दिसलं आणि ज्याने चष्मा काढला, तो नुसता घाईतला माणूस. त्याला रडू द्या हवं तेवढं. पण त्याला मोठं करू नका." एवढं बोलून ते बसले. लोकांना भाषण अर्धवट वाटलं असावं, टाळ्या जरा उशिरानेच आल्या.

मी हिशोब लावत होते. सिनेमातल्या नटाचा श्वास या माणसाला ऐकू येतो. जिन्यातल्या चौकात त्यांचा मुलगा त्यांच्या कानाच्या अगदी मागे उभा होता. माझे हात गार पडले. बऱ्याच दिवसांनी मला माझे हात असल्याचं कळलं.

रिक्षाने आम्ही परत आलो. इमारतीत लिफ्ट चालू होती, दार उघडंच होतं. बाबा म्हणाले, "जिन्याने जाऊ."

"एवढं चढवेल तुम्हाला?"

"सावकाश जाऊ."

एक हात कठड्यावर, एक काठीवर. मी मागून. पहिला मजला गेला. वरच्या चौकात ते थांबले, पायाने फरशी चाचपली, भिंतीला हात लावला. इथे भिंतीत एक खिडकी आहे, तिची चौकट त्यांच्या हाताला लागली.

"हाच ना?"

"हो, बाबा."

"तुला वाटत होतं मला माहीत नाही."

मी एक पायरी वर चढून त्यांच्या शेजारी उभी राहिले.

"त्याचा श्वास मला वरच्या मजल्यापासून ऐकू येत होता. इथे टेकवली खुर्ची, तेव्हा तो अडकला. मला कळलं. डॉक्टर-बिक्टर काही मला माहीत नव्हतं, पण एवढं कळलं की हे धाप लागणं नव्हे. आणि मी म्हणालो," इथे ते थांबले, घसा खाकरला, "म्हणालो, चला की रे, सभा काय माझ्यासाठी थांबणार आहे?"

"आठवतंय मला."

"तुला आठवणारच. मला त्याच्या पुढचं हवंय. मला तेवढंच ऐकू आलेलं नाही." ते माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर विनवणी होती. त्यांनी आयुष्यात कधी कोणाला विनवलं नव्हतं, त्यामुळे ती त्यांना नीट जमतही नव्हती. "मी बोललो म्हणून त्याने उचललं, की तो उचलणारच होता? तू समोर होतीस. तुला दिसलं असेल. काय दिसलं ते सांग. समजूत काढू नकोस."

माझ्याकडे त्याचं उत्तर होतं. इतके दिवस मी ते छातीवरच्या हातापाशी, हललेल्या मानेपाशी थांबवून ठेवलं होतं, कारण पुढचं मला स्वतःलाही बघायचं नव्हतं. तरी मी सांगितलं. ज्या आवाजात मी परक्यांचे सिनेमे सांगते, त्याच आवाजात.

"वॉचमन खुर्ची टेकवतो. मागून तो खुर्ची सोडतो. हात छातीवर. माझ्याकडे बघतो. मान हलवतो, बोलू नको अशी. मग मागे वळून वरच्या पायरीकडे बघतो. गुडघे वाकवतो, बसण्यासाठी. हात कठड्याला लावतो." मी थांबले. "इथे तुम्ही बोललात."

"मग?"

"मग तो सरळ होतो. हसतो. पुढे वाकून तुमचा घसरलेला पाय खुर्चीच्या पट्टीवर ठेवतो. खुर्ची उचलतो."

बाबांनी खिडकीची चौकट धरली. वरून कोणीतरी पिशव्या घेऊन उतरलं, आमच्याकडे बघत बघत खाली गेलं. "म्हणजे बसणार होता," ते म्हणाले.

"हो."

"हसला."

"हो."

कसा हसला, हे त्यांनी विचारलं नाही. मला रडू येईल असं वाटलं, आलं नाही. मात्र आत कुठेतरी दुखायला लागलं, आणि ते दुखणं माझं होतं, याबद्दल मला शंका नव्हती. मी त्यांचा दंड धरला.

"चला वर," मी म्हणाले. "थकलात."

"परत सांग," ते म्हणाले.

"बाबा, नको."

"एकदाच. सुरुवातीपासून. आणि माझ्या बोलण्याची जागा येईल तिथे थांब."

मी सांगितलं. वॉचमन खुर्ची टेकवतो. तो खुर्ची सोडतो. हात छातीवर. माझ्याकडे बघतो. मान हलवतो. मागे वळून पायरीकडे बघतो. गुडघे वाकवतो. हात कठड्याला लावतो. तिथे मी थांबले.

बाबांनी तोंड वरच्या पायऱ्यांकडे केलं. नेहमीच्याच आवाजात, जरासं चिडून, मुलाशी ते जसं बोलायचे तसंच म्हणाले, "बस रे जरा. सभा थांबेल."

आता पुढचं वाक्य माझं होतं, आणि समोर रिकामी पायरी होती. बाबा मान तिरकी करून वाट बघत होते.

"तो बसतो," मी म्हणाले.